नवे मराठी गाणे रील आणि शॉर्ट्समधून श्रोत्यांपर्यंत कसे पोहोचवावे

ज्या गायक-संगीतकारांच्या पाठीशी मोठी ध्वनिमुद्रण कंपनी नाही, त्यांच्या नव्या गाण्याची लोकांशी पहिली भेट आज बहुतेक वेळा मोबाइलवरच्या पंधरा-वीस सेकंदांच्या उभ्या व्हिडिओत होते. जून 2020 मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे रील सुरू केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवातीची चाचणी भारतातच घेतली. आपले गाणे स्वतः प्रसिद्ध करणाऱ्यांनी प्रामुख्याने या दोन ठिकाणांचा विचार करावा. माझा आग्रह एकच आहे: व्हिडिओ किती जणांनी पाहिला यावर समाधान न मानता, त्यातली ओळ लोकांच्या तोंडी बसावी आणि तिच्या मागाने त्यांना पूर्ण गाण्यापर्यंत विनासायास येता यावे, अशी सगळी मांडणी करावी.

त्यासाठी पहिला व्हिडिओ टाकण्यापूर्वीच गाणे वितरकामार्फत सगळीकडे पोहोचलेले असले पाहिजे. ट्यूनकोर, डिस्ट्रोकिड यांसारख्या सेवा गाणे स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक आणि यूट्यूब म्युझिकवर पाठवतात, तसेच इन्स्टाग्रामच्या संगीतसंग्रहातही देतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो आणि तो बहुधा वितरकच देतो. प्रसिद्धीच्या तारखेपूर्वी तीन आठवडे हातात ठेवावेत, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल तर ते किमान सात दिवस आधी सादर करावे लागते. नावे भरताना विशेष काळजी घ्यावी. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा भेद राहत नाही आणि एकच आडनाव तीन प्रकारे लिहिले जाते. म्हणून कलाकाराचे रोमन स्पेलिंग एकदा ठरवून सर्वत्र तेच वापरावे, आणि जिथे सोय असेल तिथे शीर्षक देवनागरीतही द्यावे.

व्हिडिओत गाणे घालण्याच्या पद्धतीवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. गाणे आधीच मिसळलेला व्हिडिओ थेट टाकला, तर इन्स्टाग्राम त्या आवाजाला ‘मूळ ऑडिओ’ म्हणून वेगळे पान देऊ शकते. असे चार व्हिडिओ टाकले की एकाच गाण्याची चार पाने होतात आणि त्यावर नाचणाऱ्यांचे व्हिडिओही त्या पानांत विखुरले जातात. आमच्या एका हळदीच्या गाण्याचे हेच झाले होते, आणि ती वाटणी पुढे कधीच एकत्र करता आली नाही. म्हणून गाणे संगीतसंग्रहात दिसू लागेपर्यंत थांबावे आणि शक्य तिथे तेथूनच ते व्हिडिओला जोडावे.

आता तुकड्याची निवड. या कामावर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. बहुतेक जण सरळ ध्रुवपद उचलतात. ते पुष्कळदा योग्य असते, परंतु कधी कधी अंतऱ्याची शेवटची ओळ आणि तिथून ध्रुवपदावर परत येण्याची जागा अधिक पकड घेते, कारण त्या परतीतच ऐकणाऱ्याला सुटका जाणवते. तीन-चार तुकडे काढून ते गाण्याशी संबंध नसलेल्या माणसांना ऐकवावेत, आणि तासाभराने त्यांतली कोणती ओळ त्यांना गुणगुणता येते ते विचारावे. जी ओळ शब्दांसह आठवते ती निवडावी. नुसती चाल आठवत असेल, तर शोधताना टाइप करायला त्या माणसाकडे काहीच नसते.

तुकड्याची लांबी सेकंदांत न मोजता आवर्तनांत, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्यांत मोजावी, कारण हे व्हिडिओ संपले की आपोआप पुन्हा सुरू होतात. मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत आठ मात्रांच्या केरव्याचे किंवा भजनी ठेक्याचे एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांचे होते, म्हणजे तीन आवर्तनांचा व्हिडिओ पंधरा सेकंदांचा होईल. त्याच लयीत सहा मात्रांच्या दादऱ्याची चार आवर्तनेही पंधरा सेकंदांत बसतात. आपल्या पुष्कळ गाण्यांत मुखडा, म्हणजे ध्रुवपदाची सुरुवातीची ओळ, समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी दोन-तीन मात्रा उठतो, म्हणून समेवर कापले तर पहिली अक्षरे जातात. जिथून मुखडा उठतो तिथून सुरुवात करावी आणि पूर्ण आवर्तने झाल्यावर त्याच मात्रेवर व्हिडिओ संपवावा. ही सांधेजोड नीट जमली की व्हिडिओ कधी संपला आणि कधी पुन्हा सुरू झाला हे कळत नाही, आणि ओळ दुसऱ्यांदा कानावर पडते.

बहुसंख्य श्रोते हा तुकडा मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकतात. त्या स्पीकरवर पखवाजाच्या किंवा ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो आणि स्टुडिओत भरदार वाटलेला ठेका पोकळ वाटू लागतो. म्हणून अंतिम मिश्रण स्वस्त मोबाइलवर, स्वयंपाकघरात किंवा रस्त्यावर ऐकून तपासावे. शब्द स्पष्ट कळत नसतील तर आवाजाची पातळी वाढवण्याऐवजी गाण्याच्या आड येणारी वाद्ये थोडी मागे घ्यावीत.

चित्राबाबत थोडक्यात सांगायचे तर व्हिडिओ 1080 बाय 1920 पिक्सेलचा उभा असावा आणि कोणतेही पूर्वसंगीत न लावता पहिल्या क्षणापासून गाणारा चेहरा किंवा वाजणारे वाद्य दिसावे. ओळी पडद्यावर जरूर लिहाव्यात, मात्र एका वेळी दोनच, ठळक अक्षरांत, आणि तळाचा भाग व उजवी कड मोकळी ठेवून, कारण तिथे बटणे असतात. काही संपादन ॲपमध्ये जोडाक्षरे तुटतात. प्रकाशित करण्यापूर्वी प्रत्येक ओळ शुद्धलेखनासह तपासणे हे मराठीत काम करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

एकाच तुकड्यावर आठ-दहा वेगळे व्हिडिओ करावेत: तालमीतला, फक्त पेटीवरचा, गीतकाराने ओळ कशी सुचली ते सांगितलेला, वादकाच्या हातांचा, आईने किंवा आजीने म्हणून पाहिलेला. आठवड्याला दोन-तीन या गतीने ते महिनाभर पुरतात. गाणे सणाचे असेल तर महिनाभर आधी सुरुवात करावी. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत नाचणाऱ्या मुलांना बसवण्यासाठी वेळ हवा असतो, आणि चतुर्थीला आलेले गाणे त्या वर्षी त्यांच्या उपयोगाचे राहत नाही. वारीचे गाणेही पालख्या देहू-आळंदीहून निघण्याआधी लोकांच्या कानी पडलेले असावे.

यूट्यूबवर शॉर्ट्सच्या वर्णनात आणि टिप्पण्यांत दिलेल्या लिंक ऑगस्ट 2023 च्या अखेरीपासून दाबता येत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक शॉर्टला ‘संबंधित व्हिडिओ’ म्हणून पूर्ण गाणे जोडण्याची सोय आहे. ती न वापरणे म्हणजे दारापर्यंत आलेल्या श्रोत्याला परत पाठवणे होय. पुढे मोजताना पाहणाऱ्यांच्या आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष किती जणांनी व्हिडिओ जतन केला, किती जणांनी दुसऱ्याला पाठवला आणि किती जणांनी त्या आवाजावर स्वतःचा व्हिडिओ केला याकडे द्यावे. पैसे देऊन आकडे वाढवू नयेत. खोटे प्रेक्षक गाणे ऐकत नाहीत आणि गाणे नेमके कोणाला आवडते, याचा अंदाज कायमचा बिघडवतात.

हक्कांची बाजूही आधीच निस्तरावी. संतांचा अभंग सर्वांचा असला तरी त्याला अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल त्याची असते आणि तिच्यासाठी परवानगी लागते. सर्वांना विकले जाणारे तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचे ध्वनीचे छोटे तुकडे, वापरले असतील, तर ते गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे इतरांच्या व्हिडिओंतला आवाज ओळखून हक्काचा दावा लावणाऱ्या यंत्रणेत, नोंदवू नये, कारण तोच लूप वापरणाऱ्या इतरांच्या व्हिडिओंवर चुकीचे दावे जातात. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील, म्हणजे गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रकमेतील, वाटा जपला आहे. दोघांनी आयपीआरएसचे, म्हणजे ही रक्कम गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचे, सदस्यत्व घ्यावे आणि प्रत्येक व्हिडिओखाली दोघांची नावे द्यावीत. गायकाचे नाव आपोआप दिसते, गीतकाराचे मात्र कोणीतरी लिहिल्याशिवाय दिसत नाही.

इतरांचे व्हिडिओ येऊ लागले की प्रत्येकाला उत्तर द्यावे. एखाद्या शाळेच्या शिक्षिकेने स्नेहसंमेलनासाठी गाणे मागितले, तर शब्दांचा कागद आणि आवाजाविना नुसत्या वाद्यांचा ट्रॅक त्याच दिवशी पाठवावा. म्हणून हा ट्रॅक ध्वनिमुद्रणाच्या वेळीच वेगळा काढून ठेवावा.