पित्ताशयातला खडा सोनोग्राफीत कसा शोधायचा

माझ्याकडे सोनोग्राफी शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी एकच विचारते: पेशंट उपाशी आहे ना? 6 ते 8 तास पोटात काही नसेल तरच पित्ताशय नीट भरलेलं दिसतं. दुधाचा चहा घेऊन आलेल्याचं आकसलेलं असू शकतं.

खडा पांढरा चमकतो, त्याच्या मागे काळी सावली पडते. तेवढ्यावर थांबू नका, पेशंटला डाव्या कुशीवर वळवा. घरंगळला तर खडाच. पॉलिप, म्हणजे भिंतीला चिकटलेली वाढ, जागा सोडत नाही. पित्ताशयाच्या मानेत, म्हणजे नलिकेकडच्या अरुंद टोकात, अडकलेला खडा मात्र हलत नाही आणि तोच घात करतो, म्हणून मान शेवटपर्यंत बघा.

मग भिंत मोजा. ती 3 मिमीपेक्षा जाड, भोवती पाणी, आणि प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) नेमका पित्ताशयावर दाबताच पेशंट कळवळला, तर तीव्र सूज धरा. नुसती जाड भिंत पुरत नाही; यकृताच्या आजारातही ती जाड होते. वेदनाशामक इंजेक्शन घेतलंय का, हेही विचारा. त्याने दुखणं झाकलं जातं.

कावीळ असेल किंवा पित्तनलिका 6 मिमीहून रुंद दिसली, तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) सुचवा. कारण सोनोग्राफीत नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या हवेआड लपतं. सीटी स्कॅनमध्ये बरेच खडे दिसतच नाहीत. तरी पित्ताशय फुटल्याची शंका आली की मी सीटीच मागते.