कुंडीला पाणी कधी? आधी उचलून बघा

"एक दिवसाआड एक कप" वगैरे विसरा. कुंडीला भरपूर पाणी घाला, खालच्या भोकातून निथळू द्या आणि मग ती एकदा हातात उचलून बघा, त्यानंतर रोज येताजाता उचलायची. चार-पाच दिवसांत हातालाच कळायला लागतं ओली किती जड न् सुकलेली किती हलकी. मोठी कुंडी उचलत नसेल तर लाकडी काडी खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा, ओली माती चिकटून आली तर आज पाणी नाही. नुसतं वरून बघून ठरवू नका, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून फिकं कोरडं दिसतं आणि दोन इंच खाली चिंब असतं.

घोळ कुठे होतो, तर झाडाने माना टाकल्या की आपण लगेच झारी घेऊन धावतो. पण मुळं सडली तरी पानं अगदी तशीच मरगळतात, कारण सडलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. मुळांना हवा लागते, मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की ती गुदमरतात. माझा एक मनी प्लांट मी असाच पाणी घालघालून मारला, उपटला तर मुळं काळी, बोटाने दाबली की सालटं हातात. म्हणून आधी काडी, मग झारी.

तळाला खडे घालायची सवय पण सोडा (मीही घालायचे). बारीक मातीतलं पाणी खड्यांत सहज उतरत नाही, त्यांच्या वरच अडकतं, म्हणजे चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. त्यापेक्षा मातीतच परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) मिसळा.

आता कटिंग, म्हणजे नवं झाड करायला कापून लावलेली फांदी. तिला मुळंच नसतात, त्यामुळे माती चिंब करून फायदा शून्य, उलट बुडखा कुजतो. पाणी उडतं पानांतून, तेव्हा ओल हवेत पाहिजे. कोकोपीट आणि परलाइट अर्धं-अर्धं भिजवून मुठीत घट्ट पिळा, एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त झालं. एक पेर आत जाईल अशी खोचा, मोठी पानं अर्धी कापा, वरून पारदर्शक पिशवी घाला, उजेडात ठेवा पण थेट उन्हात नको, आत शिजते. दिवसातून एकदा पिशवी उघडून वारा द्यायचा. सक्युलंटला (जाड, रसाळ पानांच्या झाडाला) मात्र पिशवी अजिबात नाही, काप दोन-चार दिवस सुकू द्यायचा, मगच लावायचं.

एक गंमत, कोकोपीट पूर्ण वाळलं की पाणी पटकन पीत नाही, बरंचसं कडेने सरळ खाली पळतं. भरपूर घालूनही कुंडी हलकीच लागली तर समजा हेच झालंय, टबात अर्धा तास बुडवून ठेवा.

कटिंग हलकेच ओढल्यावर धरून राहिली की मुळं फुटलीत. लगेच पिशवी काढू नका, आधी तासभर, मग अर्धा दिवस, असं आठवडाभर करत न्या. आणि नवी कुंडी छोटीच घ्या, मोठ्या कुंडीतली माती एवढीशी मुळं सुकवणार कधी?