बाटलीतला दात कोरडा पडू देऊ नका: दंतसाहित्याच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमडीएसच्या (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) पहिल्या वर्षी सिनॉप्सिसची (प्रबंधाच्या आराखड्याची) तारीख जवळ आली की बहुतेक जण विषय शोधायला मटेरियलपासून सुरुवात करतात. नवं सिमेंट बाजारात आलंय, जुन्याशी तुलना करू, झालं. आमचं सांगणं आहे की सुरुवात दाताच्या नसेपासून करा. काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी १९६५ मध्ये उंदरांच्या दाढांची नस उघडी करून तशीच ठेवली होती. नेहमीच्या उंदरांत ती सडून मेली. जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांत मात्र तीच नस जगली आणि जखमेवर नवं डेंटिनही (इनॅमलच्या आतला दाताचा थर) धरलं. म्हणजे नस मारतात ते जंतू. म्हणून नव्या सिमेंटबद्दल पहिला प्रश्न ‘कड किती घट्ट बसते आणि किती दिवस तशी राहते’ हा. चिकटण्याची ताकद, कडेची गळती या चाचण्यांना अर्थ येतो तो इथून.

प्रयोगशाळेतल्या अभ्यासाचा कच्चा माल म्हणजे काढलेले दात, आणि निम्मे प्रबंध इथेच बिघडतात. दात काढायचा निर्णय उपचारासाठी झालेला असावा, तुमच्या नमुन्यासाठी नव्हे. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधी घ्या. तारा लावण्यासाठी काढलेल्या तरुणांच्या उपदाढा किंवा न किडलेल्या अक्कलदाढा सर्वांत चांगल्या. कोल्हापूरच्या ग्रामीण भागातून येणाऱ्या दातांत एक गोष्ट पाहायलाच हवी. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्यांचे दात झिजलेले असतात, आणि झिजलेल्या जागी डेंटिनच्या नळ्या खनिजाने बुजून ते काचेसारखं कडक झालेलं असतं. मटेरियल चिकटवण्याआधी लावायचं ॲसिड त्यात नीट मुरत नाही. असे चार दात एका गटात आले की त्या गटाचं मटेरियल विनाकारण नापास होतं. निवडीचा निकष लिहिताना वय आणि झीज दोन्ही नोंदवा.

दात काढल्या काढल्या वाहत्या पाण्याखाली धुवा, मांसाचे तुकडे स्केलरने खरवडा आणि ०.५ टक्के क्लोरामाइन-टी या जंतुनाशकात टाका. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ५ ग्रॅम पावडर. त्यात जास्तीत जास्त एक आठवडा. पुढे डिस्टिल्ड पाण्यात, ४ अंशांवर, फ्रीजमध्ये. शक्यतो एका महिन्यात वापरा. सहा महिन्यांपेक्षा जुना दात चिकटण्याच्या चाचणीला घेऊ नका. बाटलीवर तारीख हवी, नुसतं ‘मोलर’ लिहून भागत नाही. स्वच्छ दिसावेत म्हणून दात हायपोक्लोराइटमध्ये बुडवायचा मोह होतो, पण त्याने डेंटिनमधलं कोलॅजन (त्यातले प्रथिनाचे धागे) विरघळतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा ऑक्सिजन रेझिनला पुरतं घट्ट होऊ देत नाही. आणि टेबलावर तासभर कोरडा पडलेला दात परत पाण्यात टाकला तरी पडलेल्या भेगा बुजत नाहीत. (जाता जाता: चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं अमल्गम, भरलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) कधीही घालू नका, पाऱ्याची वाफ होते.)

नमुना बनवताना दात पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात सेल्फ-क्युअर ॲक्रिलिकने बसवतात. ॲक्रिलिक घट्ट होताना तापतं, तेव्हा साचा गार पाण्यात धरा. मग पाण्याची धार चालू ठेवून डायमंड डिस्कने वरचा भाग कापा आणि ६०० नंबरच्या सिलिकॉन कार्बाइड पेपरवर ओला घासा, प्रत्येक दात तितकाच वेळ. सगळे दात एकाच खोलीवर कापले पाहिजेत. नसेच्या जवळ नळ्या दाट आणि रुंद असतात, तिथे ओल जास्त आणि चिकटणं कमी. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड डेंटिनवर १५ सेकंद ठेवून धुतल्यावर हवेचा झोत मारू नका, टिपून घ्या. पृष्ठभाग ओलसर चमकत राहायला हवा.

आता एक चूक जवळून पाहू. डेंटिनवर बाँडिंग (चिकटवायचा द्रव) लावून ३ मिलिमीटर व्यासाच्या टेफ्लॉन साच्यात कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन) भरलं, चाचणीत ते १४१ न्यूटनला सुटलं. क्षेत्रफळ ७.०७ चौरस मिलिमीटर, म्हणून चिकटण्याची ताकद (भार भागिले क्षेत्रफळ) जवळजवळ २० मेगापास्कल. पण बाँडिंग साच्याबाहेर पसरून कंपोझिटही कडेने ओघळलं असेल आणि खरा व्यास ३.४ मिलिमीटर झाला असेल, तर क्षेत्रफळ ९.०८ होतं आणि खरं उत्तर साडेपंधराच्या आसपास. डोळ्याला न दिसणाऱ्या ओघळाने निकाल सव्वापटीहून जास्त फुगला. म्हणून प्रत्येक नमुना चाचणीपूर्वी भिंगाखाली पाहा आणि व्यास डिजिटल कॅलिपरने मोजा.

चाचणीआधी नमुने ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास. इन्क्युबेटरला बॅटरी बॅकअप आहे का, हे आधीच विचारा. गळतीच्या अभ्यासाला ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात ५०० फेऱ्या, प्रत्येक बाजूला निदान २० सेकंद.

यंत्राचा प्रश्न कोल्हापुरात जरा वेगळा आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीपट्ट्यामुळे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन (नमुना तुटेपर्यंत भार देऊन तो मोजणारं यंत्र) शोधायला लांब जावं लागत नाही. पण ओतीव लोखंडाचा बार ओढणारं ४० टनांचं यंत्र दाताच्या कामाचं नाही. आपला नमुना शे-दीडशे न्यूटनला तुटतो, म्हणजे १०-१५ किलोंच्या आसपास. एवढा भार त्या यंत्राला नीट कळतच नाही. यंत्र सापडल्यावर दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: १ किलोन्यूटनच्या आसपासचा लोड सेल (भार मोजणारा भाग) आहे का, आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर सर्वांत खालचा तपासलेला भार किती. वेग मिनिटाला १ किंवा ०.५ मिलिमीटर, कंपोझिटला ढकलणारं यंत्राचं पातं दात-कंपोझिटच्या सांध्याला अगदी चिकटून. पातं वर सरकलं की सांधा कापला जाण्याऐवजी उचकटतो. तुटलेला तुकडा फेकू नका, स्टिरिओमायक्रोस्कोपखाली पाहा. डेंटिनच तुटलं असेल तर तो आकडा चिकटण्याचा नसतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी शिवाजी विद्यापीठात सोय आहे, तारीख मात्र आधी घ्यावी लागते.

एका दाढेतून चार काप काढले म्हणजे चार नमुने झाले, असं धरणारे प्रबंध दरवर्षी होतात. ते चारही काप एकाच दाताचे, एकाच तोंडातले. नमुना म्हणजे दात. नमुन्याची संख्या ठरवतानाच स्टॅटिस्टिक्सवाल्यांकडे जा, आकडे आल्यावर नव्हे.

एमटीए किंवा बायोडेंटिन या नसेवर ठेवायच्या सिमेंटांवर काम असेल तर पावसाळ्याचा विचार करा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एमटीएची उघडी पुडी कपाटातच घट्ट होते. घट्ट झाकणाची बाटली आणि आत सिलिका जेल. बायोडेंटिनच्या एका कॅप्सूलला ५ थेंब, नंतर ३० सेकंद मिक्सरमध्ये. बाटली तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात आणि सिमेंट पातळ किंवा भुसभुशीत होतं.

रुग्णांवर अभ्यास करणार असाल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयमध्ये (रुग्णांवरच्या चाचण्यांची भारतातली नोंदवही) नोंदणी करा. मागाहून केलेली चालत नाही. उघड्या नसेवर सिमेंट ठेवलेला दात सहा महिन्यांनी दुखत नाही, एवढ्यावर ‘यशस्वी’ लिहू नका, मेलेली नसही दुखत नाही. थंड चाचणीला प्रतिसाद हवा आणि एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाला काळी सावली नको. फेरतपासणीची तारीख देताना रुग्णाचं गाव विचारा. गगनबावडा, राधानगरीकडचा माणूस भाताच्या लावणीत येणार नाही, आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आठवड्यात ओपीडीच ओस असते. घरातल्या दोघांचे फोन नंबर लिहून घ्या, आणि जे आलेच नाहीत त्यांचा आकडा निकालाच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत दाखवा.