जुन्या गाडीचे मायलेज अचानक घटले? सुटे भाग बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की मायलेज थोडेथोडे उतरणारच. पण महिन्या-दोन महिन्यांत लिटरमागे 15 किलोमीटरचे 11 झाले, तर त्याचे खापर गाडीच्या वयावर फोडणे ही पहिली चूक ठरते. दुसरी चूक म्हणजे थेट गॅरेज गाठून प्लग, एअर फिल्टर आणि इंजेक्टर क्लीनिंग असा ठरलेला खर्च करून मोकळे होणे. मागच्या पावसाळ्यानंतर मी नेमके हेच केले. साडेचार हजार रुपये गेले आणि मायलेज होते तिथेच राहिले. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत आत येणाऱ्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल सोडले जाते, त्यामुळे थोड्याफार मळलेल्या फिल्टरने मायलेज फारसे घटत नाही, हे मला नंतर उमगले.

खर्चाआधी नीट मोजमाप हवे. एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, तीन-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा तशीच टाकी भरावी आणि झालेल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागावे. तुलना मात्र त्याच रस्त्याची असावी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्यामुळे मुंबईला उतरतानाचा आकडा आणि कसारा घाट चढून परततानाचा आकडा जुळणार नाही, आणि नाशिकमधल्याच सिडको ते सातपूर या रोजच्या सिग्नलच्या रस्त्याशी तर दोहोंचीही तुलना करू नये.

घट खरी ठरली, तर सर्वांत आधी ब्रेक तपासावेत, असे माझे ठाम मत आहे. त्र्यंबकेश्वरहून परतल्यावर एकदा गाडी दारात लावली, तेव्हा जळका वास आला. प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू, स्पर्श न करता, नेऊन पाहिली. तीन चाके कोमट होती आणि पुढच्या डाव्या चाकाची धग मात्र चार बोटांवरूनही सोसवेना. कॅलिपरची, म्हणजे ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन गंजून अडकली होती, त्यामुळे ब्रेकवरून पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहत होते आणि इंजिन रोज त्या ब्रेकशी झगडत होते. दोन्ही बाजूंच्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावल्यावर पुढच्या फुल टँकला 14.6 चा आकडा आला. मागच्या ड्रम ब्रेकचेही असेच होते: भर पावसात हँडब्रेक ओढून गाडी आठ-आठ दिवस उभी राहिली, की केबल गंजते आणि लायनर (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमला चिकटतात. इतके दिवस गाडी ठेवायची असेल, तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा.

आणखी एक चूक मला फार खटकते. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, कायमचा काढून टाकण्याची सवय अजूनही दिसते. त्यामुळे गरम होण्याचे मूळ कारण तसेच राहते, आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत इंजिन पुरेसे तापतच नाही. ते थंडच आहे असे समजून गाडीचा संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. थर्मोस्टॅट उघड्या स्थितीत अडकला तरी परिणाम तोच होतो. पंधरा-वीस मिनिटे चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी पोहोचत नसेल, तर संशय इथेच घ्यावा.

टायरमधली हवा गाडी थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे तपासावी. चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) बदलू देऊ नये. घाट उतरताना न्यूट्रल टाकू नये. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पुरवठा बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

हल्ली सगळा दोष इथेनॉलवर टाकला जातो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे 20 टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सुमारे 6 ते 7 टक्के. या हिशेबाने 15 चे 14 होतील. 11 झाले असतील, तर गाडी जॅकवर घेऊन एकेक चाक हाताने फिरवून पाहावे.