कॅमची फाइल उडाली? आधी माउसवरचा हात काढा

साकीनाक्याच्या गाळ्यात संध्याकाळी लाइट गेली तेव्हा मी कॅममध्ये, म्हणजे मशीनसाठी कटिंगचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एका कॅव्हिटीचे (साच्यातल्या पोकळीचे) टूलपाथ, म्हणजे टूलने कापत जायचे मार्ग, सेव्ह करत होतो. यूपीएसची बॅटरी कधीच बसली होती, आमच्यापैकी कुणी तपासली नव्हती. लाइट आल्यावर फोल्डर उघडला. फाइल जागेवर, नाव तेच, आणि साइझच्या रकान्यात ० केबी. अकरा ऑपरेशन्स होती त्यात. घाबरून मी सॉफ्टवेअर सुरू केलं, मॉडेल पुन्हा आणलं आणि त्याच नावाने सेव्ह केलं. आमचा ऑटोसेव्हही त्याच नावावर चालायचा. थोड्या वेळाने त्याने आपली शेवटची चांगली कॉपी या नव्या, रिकाम्या कामाने पुसून टाकली. फाइल लाइटमुळे बिघडली होती, पण ती कायमची गेली माझ्या घाईमुळे.

म्हणून हा लेख. थ्रीडी मॉडेल पार्टीकडून पुन्हा मागवता येतं. पण कुठल्या कोपऱ्यात ६ चा बॉल नोज (गोल टोकाचा कटर) घातला, स्टेपओव्हर (शेजारच्या दोन पासमधलं अंतर) किती ठेवला, क्लॅम्प आडवा येतो म्हणून बाउंड्री कुठे आत ओढली, हे त्या कॅम फाइलशिवाय कुठेच लिहिलेलं नसतं.

पहिली दहा मिनिटं

सॉफ्टवेअर अडकलंय असं वाटलं तर लगेच बंद करू नका. टास्क मॅनेजर उघडून सीपीयूचा आकडा बघा. तो हलत असेल तर बारीक स्टेपओव्हरचं फिनिशिंग अजून गणलं जात असेल, थांबा. सॉफ्टवेअर खरंच बंद पडलं असेल, तर ते पुन्हा सुरू करण्याआधी ऑटोसेव्हचा आणि जॉबचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. पुढची सगळी शोधाशोध त्या कॉपीवर करा.

फाइल डिलीट झाली असेल तर त्या ड्राइव्हवर काहीही नवीन लिहू नका. डाउनलोड नको, इन्स्टॉल नको. साध्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेली फाइल तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असते. एसएसडीचं तसं नाही. तिथे विंडोज ट्रिम नावाच्या आज्ञेने डिस्कला सांगतं की ही जागा मोकळी झाली, आणि डिस्क ती आतून साफ करते. त्यामुळे एसएसडीवरची फाइल गेली तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरवर फार भिस्त ठेवू नका, दुसरीकडे कॉपी कुठे आहे ते शोधा.

कुठे शोधायचं

रिसायकल बिन आधी. पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कच्या फोल्डरमधून डिलीट केलेली फाइल मात्र तिथे येत नाही. मग अख्ख्या कॉम्प्युटरवर फाइलच्या नावाने नाही, तर एक्स्टेन्शनने शोधा (कॅम सॉफ्टवेअर मास्टरकॅम असेल तर डॉट एमकॅम) आणि बदलाच्या तारखेने क्रम लावा. ऑटोसेव्हची कॉपी कधीकधी भलत्याच नावाने पडलेली असते, तारखेवरून ती सापडते. मास्टरकॅममध्ये ती कुठे जाते हे कॉन्फिगरेशनमधल्या फाइल्सखाली, ऑटोसेव्ह आणि बॅकअपच्या पानावर दिसतं. फ्यूजनमध्ये फाइल मेनूत रिकव्हर डॉक्युमेंट्स आहे, शिवाय प्रत्येक सेव्हची वेगळी आवृत्ती क्लाउडवर राहते. पॉवरमिलचा प्रोजेक्ट म्हणजे अख्खा फोल्डर, त्यामुळे त्यातली एखादीच फाइल उचलून आणली तर उपयोग नाही.

फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये प्रीव्हियस व्हर्जन्स बघा. फाइल हिस्ट्री किंवा सिस्टीम प्रोटेक्शन आधीपासून चालू असेल तरच तिथे काही मिळेल. फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडलेला असेल तर तिथल्या ट्रॅशमध्ये डिलीट केलेली फाइल ३० दिवस राहते.

यातलं काहीच लागलं नाही आणि डिस्क साधी असेल, तर मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी किंवा रिकुवा चालवून बघा. सापडलेली फाइल नेहमी दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवा.

फाइल आहे पण उघडताना एरर येतो, अशा वेळी आधी मास्टरकॅमच्या फाइल मेनूतलं रिपेअर फाइल करून बघा. ते नाही चाललं तर नवी कोरी फाइल उघडून जुनी तिच्यात मर्ज करा. निदान जॉमेट्री आणि बाउंड्री हाताला लागल्या तरी अर्धा दिवस वाचतो. ० केबीच्या फाइलवर मात्र वेळ घालवू नका, तिच्यात काहीच नसतं.

मशीनच्या पोटातली कॉपी

त्या संध्याकाळी मला वाचवलं ते व्हीएमसीने, म्हणजे जॉब कापणाऱ्या मशीनने. रफिंग आणि सेमी-फिनिशिंगचे प्रोग्राम दुपारीच मशीनवर चढवले होते. मशीनच्या फानुक कंट्रोलवर एडिट मोडमध्ये जाऊन, ओ नंबर (प्रोग्रामचा नंबर) देऊन ते सीएफ मेमरी कार्डवर पंच, म्हणजे कॉपी, करून घेतले. तुमचं मशीन जुनं असेल तर आरएस-२३२ ची केबल लागेल.

जी-कोडमधून, म्हणजे मशीन वाचतं त्या प्रोग्राममधून, कॅम फाइल परत तयार होत नाही, पण तुमचे निर्णय वाचता येतात. वरच्या कंसातल्या कॉमेंटमध्ये बहुतेक पोस्ट (टूलपाथचा जी-कोड बनवणाऱ्या फाइली) टूलची यादी देतात. टी वरून टूल, एस आणि एफ वरून स्पीड-फीड, झेडच्या उतरत्या आकड्यांवरून स्टेपडाउन (एका पासची खोली) कळतो. सिम्को एडिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकप्लॉट (टूलच्या वाटेचं चित्र) लावला की दोन पासमधलं अंतर मोजता येतं, तोच तुमचा स्टेपओव्हर. मी हे सगळं एका कागदावर उतरवलं आणि त्यावरून ऑपरेशन्स नव्याने बांधली.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली. ऑपरेटरदादांनी एका खोल खिशात टूल आवाज करतंय म्हणून मशीनवरच फीड १२०० वरून ८०० केला होता. तो बदल माझ्या फाइलमध्ये कधीच आला नसता. म्हणून जॉब संपला की मशीनवरचा प्रोग्राम परत घ्या, आपल्या कॉपीशी ताडून बघा आणि झालेला बदल कॅममध्ये चढवा.

अशी पुन्हा बांधलेली फाइल पोस्ट केल्यावर थेट सायकल स्टार्ट दाबू नका. सिम्युलेशन करा, मग झेड वर उचलून ड्राय रन घ्या, म्हणजे जॉब न कापता हवेतच प्रोग्राम चालवा. वर्क ऑफसेट (मशीनवर जॉबचा शून्य कुठे ते) आणि टूल लेंग्थ नव्याने तपासा. आठवणीतून भरलेला एखादा आकडा चुकलेला असू शकतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

ऑटोसेव्ह चालू करा, दहा मिनिटांवर ठेवा, आणि चालू फाइलच्या नावावर न लिहिता वेगळ्या नावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये. रोज सकाळी आणि प्रत्येक मोठ्या ऑपरेशननंतर सेव्ह अॅज करून पुढचा नंबर द्या: जॉब नंबर, सेटअप, मग ०१, ०२, ०३. ‘फायनल’ असं नाव कुठल्याच फाइलला देऊ नका. पेन ड्राइव्हवरून थेट काम करू नका, ती फक्त ने-आण करायला.

यूपीएस काम चालू ठेवायला नाही, सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची लाइट गेली होती. तशा वेळी पाच मिनिटं पुरतात, पण बॅटरी जिवंत हवी. दर तीन महिन्यांनी सॉकेट बंद करून बघा.

बॅकअप घेताना लोक जॉबची फाइल घेतात आणि पोस्ट, मशीन डेफिनिशन, टूल लायब्ररी विसरतात. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की हेच रडवतं. मास्टरकॅमचं झिप टू गो फाइलबरोबर यांचंही गाठोडं बांधून देतं. मशीनचे पॅरामीटर आणि ऑफसेटही कार्डवर काढून ठेवा. फानुकच्या स्क्रीनवर ‘बॅट’ (बॅटरी) असं लुकलुकायला लागलं तर मेमरीची बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदला, बंद करून बदलली तर पॅरामीटर उडू शकतात.

कॉपी तीन हव्यात: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक गाळ्याच्या बाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्याच्या गाळ्यात तसं पाणी शिरलं तर कॉम्प्युटर आणि खालच्या खणातली बॅकअपची डिस्क एकदमच जाणार. क्लाउडवर ठेवा, किंवा शनिवारी डिस्क घरी न्या. बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) तिच्यावरच्या फाइलीही लॉक करतं.

महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची कुठलीही एक जुनी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, टूलपाथ रीजनरेट करा, पोस्ट करा आणि तेव्हाच्या प्रोग्रामशी ओळीला ओळ लावून बघा. आमच्याकडे पहिल्याच वेळी टूल लायब्ररी कॉपीच होत नव्हती हे कळलं.