माज चुकला म्हणजे गाय गाभण राहिली असं धरून बसू नका: गाभण तपासणीतल्या या चुका टाळा

गाय भरवून (वळू दाखवून किंवा कृत्रिम रेतन करून) झाली, २१ दिवस गेले, ती पुन्हा माजावर, म्हणजे वळू घेण्याच्या स्थितीत, आली नाही. घरात आनंद होतो, पेंड वाढते, शेजारीपाजारी सांगून होतं. मग सहाव्या-सातव्या महिन्यात कास काही भरत नाही म्हणून डॉक्टरांना बोलावतात आणि कळतं, गाय रिकामीच आहे. दारात एकच गाय असलेल्या घराला हा फटका फार मोठा बसतो, कारण दूध आटलेलं असतं आणि पुढचं वेत कुठल्या कुठे गेलेलं असतं. वर्षाला एक वेत हवं असेल, तर गाभणकाळाचे साधारण २८० दिवस वजा जाता व्यायल्यानंतर गाय पुन्हा गाभण राहायला जेमतेम ८५ दिवस हातात उरतात. त्यातून एक माज हुकला की तीन आठवडे गेलेच.

माज दिसला नाही, याचा अर्थ तो आला नाही असा होत नाही. मोठ्या गोठ्यात माजावरच्या गाईवर दुसरी गाय चढते, त्यामुळे लांबूनही लक्षात येतं. खुंट्याला बांधलेल्या एकट्या गाईवर चढणार कोण? शिवाय बऱ्याच गाई रात्री किंवा पहाटे माज दाखवतात आणि आपण धारेला बसेपर्यंत तो ओसरूनही जातो. उन्हाळ्यात तर मुक्या माजाचं प्रमाण वाढतं: गाय हंबरत नाही, चारा सोडत नाही, फक्त बळस, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, टाकते. म्हणून भरवल्यापासून १८ ते २४ या दिवसांत पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी गाईजवळ थोडा वेळ थांबा. शेपटीला, मागच्या मांड्यांना काचेसारखा चिकट स्राव वाळलेला आहे का, गाय बसल्यावर खाली बळस पडते का, एखाद्या धारेला दूध अचानक कमी झालं का, हे बघा. या दिवसांत गोठा झाडण्यापूर्वी जमीन बघायची सवय लावली तरी बरंच कळतं.

खरोखर माज आला नाही, तरी गाय रिकामी असू शकते. गर्भाशयात पू साठला असेल तर शरीर गर्भ असल्यासारखंच वागतं आणि माज थांबतो. गर्भ राहून दोन-अडीच आठवड्यांनंतर मेला, तर पुढचा माज लांबतो आणि गाय ३५-४० दिवसांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. खाणं निकृष्ट असेल तर बीजांडं थंड पडतात आणि माजच येत नाही. तेव्हा २१ दिवस निघून गेले तर आशा जरूर धरा, पण खात्री धरू नका.

माजानंतर एक ते तीन दिवसांत काही गाई, विशेषतः कालवडी, थोडं लालसर टाकतात. कुणी म्हणतं फळली नाही, कुणी म्हणतं नक्की फळली. दोन्ही चूक. माज उतरताना गर्भाशयाच्या अस्तरातून थोडं रक्त येतं, गाभण राहण्या-न राहण्याशी त्याचा संबंध नाही. उलट त्याचा उपयोग असा की माज येऊन गेल्याची ती खूण आहे. कधीही लाल दिसलं की तारीख लिहा आणि त्यानंतर १८ दिवसांपासून गाईवर नजर ठेवा.

पाणी घातलेल्या गोमूत्रात गहू भिजवून बघण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तिच्यात तथ्य नाही असं नाही. गाभण गाईच्या मूत्रात गहू कमी उगवतात असं आढळलं आहे. पण मूत्र जास्त दाट असलं तरी गहू उगवत नाहीत, आणि बी जुनं असलं तरीही. घरात कुतूहल म्हणून जरूर करा. त्यावर पेंड, औषध किंवा गाय विकण्याचा निर्णय मात्र घेऊ नका.

भरोशाची तपासणी म्हणजे पशुवैद्यकाने गुदद्वारातून हात घालून गर्भाशय चाचपणं. गावपातळीवर ६० ते ९० दिवसांत ती करून घ्यावी. चांगला सरावलेला हात त्याआधीही सांगतो, पण घाई करून कुणा अर्धवट शिकलेल्याला हात घालू देऊ नका. लहान गर्भ दाबला गेला तर नुकसान आपलंच. सोनोग्राफीवर साधारण ३० दिवसांत कळतं. रक्तावरची चाचणी २८ दिवसांनंतर करता येते, मात्र गाय व्यायल्याला फार दिवस झाले नसतील तर आधीच्या वेताचे अंश रक्तात असतात आणि निकाल फसवा येतो. लवकर केलेली कोणतीही तपासणी ‘गाभण’ आली, तरी ९० दिवसांच्या आसपास पुन्हा एकदा खात्री करा, कारण मधल्या काळात गर्भ जिरू शकतो. डॉक्टर येतील तेव्हा भरवल्याच्या सगळ्या तारखा सांगा, फक्त शेवटची नाही. दोनदा भरवली असेल तर ती पहिल्या वेळेची गाभण आहे की दुसऱ्या, हे गर्भाच्या वाढीवरून ठरतं.

सर्वात जास्त जपायचं ते इथे. काही गाई गाभण असतानाही माजासारखी लक्षणं दाखवतात. हा माज बहुधा कमजोर असतो, बळस नीट पडत नाही. अशा वेळी घाईने पुन्हा रेतन केलं, तर गर्भाशयाच्या तोंडाशी असलेलं चिकट बूच फुटतं आणि गाय गाभडू शकते, म्हणजे गर्भ पडू शकतो. म्हणून आधी भरवलेली गाय उलटल्यासारखी वाटली, तर रेतनाची नळी घालण्यापूर्वी तपासून घ्यायला सांगा. माजावर आणण्याच्या इंजेक्शनाचंही तसंच. ‘बरेच दिवस माज नाही’ म्हणून गाभण तपासणी न करताच ते टोचलं, तर राहिलेला गर्भ पडतो. या इंजेक्शनाआधी तपासणी झालीच पाहिजे, यात तडजोड नको.

पोट आणि कास यांवरून अंदाज बांधायला फार उशीर होतो. पहिलारू कालवडीची कास पाचव्या महिन्यापासून भरू लागते, पण व्यालेल्या गाईची शेवटच्या काही आठवड्यांतच. पोट डावीकडे फुगलेलं दिसतं ते बहुतेक कोटीपोट, म्हणजे चारा. वासरू उजवीकडे खालच्या बाजूला असतं; सहा-सात महिन्यांनंतर मूठ हलकेच दाबून सोडली तर कधी कधी टणक काहीतरी हाताला परत लागतं. जोरात ढोसू नका.

तपासणीत गाय रिकामी निघाली तर लगेच पुढच्या माजाला भरवण्याआधी कारण शोधा: बळस गढूळ आहे का, मागच्या वेताला वार (जार) अडकली होती का, खनिज मिश्रण रोज मिळतं का. नियमित माज येऊनही तीन वेळा भरवून राहिली नाही, तर चौथ्यांदा तेच करण्यापेक्षा डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या. गाभण ठरलेली गाय मध्येच गाभडली, तर पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका. ब्रुसेलोसिस (गाई गाभडवणारा जंतूंचा रोग) असेल तर तो माणसालाही होतो. पशुवैद्यकाला नमुने तपासायला सांगा आणि उरलेलं चुना टाकून खोल पुरा.