निर्यातीच्या निर्णयांकडे लक्ष ठेवून कोकणातलं भात कसं विकावं

कोकणातलं भात परदेशात फारसं जात नाही. तरी निर्यातीचा निर्णय झाला की इथल्या गिरणीवरचा दर हलतो. आपल्या वाण्याकडचा बराचसा पांढरा तांदूळ आंध्र, छत्तीसगडकडून येतो. बाहेरची वाट बंद झाली की तो माल देशातच फिरतो.

परदेशी तांदूळ येऊन भाव पाडेल, ही भीती मात्र बाजूला ठेवा. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा तांदळावर आयात शुल्क लावायची आपली मर्यादा शून्य होती. नंतर वाटाघाटी करून ती वाढवून घेतली. गिरणीत सडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर आज ७० टक्के शुल्क आहे. खरा धक्का बसतो तो आपल्याच सरकारच्या निर्यात-निर्णयांचा. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, तेव्हा इथे लावणी चालू होती. पुढच्याच महिन्यात उकड्यावर, म्हणजे भात उकडून केलेल्या तांदळावर, २० टक्के निर्यात शुल्क बसलं. पांढऱ्यावरची बंदी २८ सप्टेंबर २०२४ ला उठली, हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापणीला येता येता. शुल्काचा भार व्यापारी स्वतः सोसत नाही: ४० रुपयांच्या मालावर ८ रुपये शुल्क पडलं, तर तेवढं तो खरेदीच्या दरातून काढतो.

म्हणून कापणीआधीच ठरवा, कोणतं भात कुठे जाणार. जया, कर्जत, रत्नागिरीसारख्या जातींचं पांढरं भात या चढउतारात सापडतं. वालयसारखा लाल तांदूळ आणि घरी उकडलेला उकडा खाणारं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. तो माल बाजारभावाला बांधू नका. दोन्हींची मळणी वेगळी, पोती वेगळी. खळ्यावर एकदा मिसळलं की दोन्हींचा भाव गेला.

पांढऱ्यासाठी हमीभाव हा तळ धरा. २०२५-२६ ला साधारण भाताला तो क्विंटलमागे २,३६९ रुपये ठरला. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी मुदतीत करा, ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या पीकनोंदीत) भाताची नोंद आहे का ते सातबारावर बघा. नोंद नसली तर केंद्र माल घेत नाही, आणि राज्य सरकार प्रोत्साहन रक्कम देतं त्या वर्षी तीही हुकते. ओलावा १७ टक्क्यांच्या आत लागतो.

तांदूळ करून विकायचा असेल तर हिशेब असा. समजा क्विंटलभर सुक्या भाताचे ६२ किलो अख्खे तांदूळ निघाले आणि सडणावळ, वाहतूक, पोती मिळून २०० रुपये गेले. हमीभावाचे २,३६९ आणि हे २०० मिळून २,५६९; भागिले ६२, म्हणजे किलोला साधारण ४१ रुपये. याखाली तांदूळ देण्यापेक्षा भातच केंद्रावर घाला. कणी आणि कोंड्याचे पैसे यात धरलेले नाहीत, ते वरचे. आकडे आपल्या गिरणीचे घाला.

हा हिशेब बिघडतो तो वाळवणीत. ओलं भात दुपारच्या कडक उन्हात पातळ पसरलं की दाण्याला आतून तडा जातो. संध्याकाळी दव लागलं तर आणखी. गिरणीत तो दाणा कणी होऊन पडतो. दोन-तीन बोटं जाड थर ठेवा, तासातासाला पायाने सरी ओढा, तिन्हीसांजेच्या आत गोळा करून झाका. साठवायचं भात १४ टक्क्यांच्या खाली आणा. गिरणीत नेण्याआधी शंभर दाणे हाताने सोला आणि एकेक दाणा उजेडाकडे धरा: आडवी पांढरी रेघ दिसली तर तो तडकलेला. असे दहापेक्षा जास्त निघाले तर त्या पोत्यांचा तांदूळ करू नका, भात म्हणूनच विका.

निर्यात खुली झाल्याची बातमी आली म्हणून सगळं भात कणगीत अडवून ठेवू नका. बियाणं आणि वर्षाचं खाणं काढून उरलेल्यातलं निम्मं केंद्रावर द्या, उरलेलं दोन-तीन टप्प्यांत काढा. पावसाळ्यापर्यंत ठेवलं तर टोक्याची (दाणे पोखरणाऱ्या सोंडकिड्याची) कीड लागते आणि वाढलेला भाव तिथेच जातो.